जोतं तयार आहे

१८ नोव्हेंबर १९५५, शुक्रवार

सकाळी जमीनमालकाचा मुनीम आला. वाडीची जमीन विकली, म्हणे. चार मजली बिल्डिंग उठणार. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, जमीन तुमची, कबूल. पण घर कुणाचं? घर माझं. आजोबांनी बांधलेलं. आम्ही नुसतं जमिनीचं भाडं भरतो. मुनीम म्हणाला, म्हणूनच आलोय, मागच्या इमारतीत दोन खोल्या देतो, किल्ली आजच घ्या, लाकूड आम्ही पाडून नेऊ.

दोन खोल्या. हेरंब मानकराला. म्हटलं, चालते व्हा. चहा मात्र पाजला, कारण यशोदेनं तोवर आणून ठेवला होता.

यशोदेला खोल्यांचं सांगितलं नाही. असल्या व्यवहाराच्या गोष्टी घरात बोलून उगाच डोक्याला ताप.

दुपारी, १२.४०, ऑफिसात. कल्पना सुचली. जमीन त्यांची, घर माझं. मग मी माझं घर घेऊन जातो. अख्ख्या घराच्या सांगाड्यात एक खिळा नाही. ब्रह्मी सागवान, खांबावर तुळई, तुळईला खुंटी. खाट सोडवतात तसं सोडवायचं आणि दुसरीकडे नेऊन जोडायचं. इतकी सोपी गोष्ट गिरगावात आजवर कुणाला सुचू नये, याचंच नवल वाटतं.

२० नोव्हेंबर

ऑफिसातल्या रघुवीरचा शीवला मोकळा प्लॉट आहे. किल्ल्याच्या बाजूला, हवा उत्तम. वापर म्हणाला. मित्र असावा तर असा.

संध्याकाळी यशोदेला प्लॅन सांगितला. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं: शैलाला पाचवा लागलाय, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, तोवर घर उभं राहील ना? म्हटलं, संक्रांतीला तू शीवच्या घरात तिळगूळ वाटशील. डोहाळजेवण तिथंच. तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना? दोन मुलं हातची गेल्यावर राहिलेली ही एकुलती एक, म्हणून जिवाला लागतं तिच्या. म्हटलं, नक्की.

२२ नोव्हेंबर

काल फाउंटनला गोळीबार झाला. ऑफिसातून चालत आलो. माणसं गेली. वाडीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. अशा दिवशी घराबद्दल लिहू नये, पण शामराव सुतार ठरल्याप्रमाणे आला होता म्हणून दोन ओळी.

शामराव मूळचा मालवणकडचा, राहतो लालबागला चाळीत. मी काहीही सांगितलं की तो म्हणतो, होतला, म्हणजे होईल. पंधरा दिवसांत सोडवशील? होतला. एकही चीर पडता कामा नये. होतला. यापूर्वी घर हलवलंयस का, विचारलं. म्हणाला, कपाट हलवलंय. असा उत्साही माणूस आजकाल मिळत नाही.

निश्चय: उद्यापासून पहाटे उठून घराची मापं घेणे.

२७ नोव्हेंबर

पहाटे उठणं जमलं नाही. थंडी. मापं अंदाजानं घेतली. पन्नास वर्षं ज्या घरात काढली त्याची मापं काय घ्यायची.

११ डिसेंबर, रविवार

नंबर लावण्याचं काम पुरं. प्रत्येक खांबाला, तुळईला, वाशाला, जिन्याच्या पायरीपायरीला कागदाची चिठ्ठी. आकडा इंग्रजी, दिशा मराठी. यशोदेनं गव्हाच्या पिठाची खळ करून दिली. चिकटवताना म्हणत होती, रंगानं लिहा, कागद पडतील. तिला समजावलं की रंगानं सागवानाचं सौंदर्य जातं. हे काम शास्त्रीय आहे. विलायतेत असंच करतात, करत असणार.

१८ डिसेंबर, रविवार

आज कौलं उतरवायला सुरुवात.

सकाळी उठून बघतो तर यशोदेनं सगळं घर झाडून काढलेलं. वरचा मजला, खालचा मजला, ओटी. चूल सारवलेली. उंबऱ्यावर रांगोळी. म्हटलं, अगं, तासाभरात इथं धुरळा उडणार आहे. म्हणाली, मी आले तेव्हा सासूबाईंनी झाडून ठेवलं होतं. मग पदर खोचून समोरच्या शेजारणीच्या, बकुळेच्या ओटीवर जाऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत.

पहिलं कौल निघालं आणि माजघरात ऊन पडलं. त्या जागी मी आयुष्यात ऊन पाहिलं नव्हतं. जरा कसंसंच झालं. पित्त असावं. डिसेंबरात आवळा घ्यायला हवा.

३० डिसेंबर

घर उतरलं. काही खुंट्या निघेनात, तिथं शामरावनं करवत चालवली. म्हणाला, जोडताना सांधतला. मुनीम स्वतः येऊन हात जोडून गेला. पाडण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही वाचलं म्हणाला. बोलताना आवाज अगदी मऊ होता. दोन खोल्या दाखवून माझा अपमान केल्याची आता टोचणी लागली असणार.

३ जानेवारी १९५६

मुक्काम दादर. यशोदेचा भाऊ तात्या याच्याकडे. दीड खोली, त्यात त्यांची सहा माणसं आणि आम्ही दोघं. मी गॅलरीत झोपतो. तात्या रोज विचारतो, काय हेरंबराव, घर कुठवर आलं? विचारण्यात खवचटपणा आहे.

शैला येऊन गेली. चेहरा भरलाय. उभ्यानंच बोलली, कारण बसायला जागा नव्हती. यशोदा तिच्याबरोबर खाली रस्त्यापर्यंत गेली आणि बराच वेळ आली नाही.

१५ जानेवारी

संक्रांत काल झाली. यशोदेनं तात्याच्या शेजारणींना तिळगूळ दिला. तारीख एक-दोन आठवडे पुढे जाणं बांधकामात गृहीतच असतं.

आज घर निघालं. चार खटारे. मी पुढच्या खटाऱ्यावर, मुख्य तुळईवर बसून. गिरगावातून जाताना लोक थांबून बघत होते. लालबागला एका खटाऱ्याचा आस मोडला. शामराव म्हणाला, माझ्या चाळीच्या पटांगणात सगळंच उतरवूया, उद्या पुढं जातला. उतरवलं.

१९ जानेवारी, लालबाग

उद्या आलाच नाही. सोळाला रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. त्यानंतर काय झालं ते लिहायला नीट जमत नाही. रस्ते बंद. कर्फ्यू. गोळ्यांचे आवाज. मी शामरावच्या खोलीत अडकून.

पोरांनी रस्ता अडवायला सामान गोळा केलं, त्यात माझा जिना गेला. मी खाली धावत गेलो होतो. ओरडणार होतो, पायऱ्यांना नंबर आहेत म्हणून. तेवढ्यात समोरच्या चाळीतल्या एकाला उचलून आणलं. मिलमधला होता, विशीतला. त्याची आई त्याला आत घ्या, आत घ्या, म्हणत होती. मी जिन्याचं काही बोललो नाही. चाळीत त्या दिवशी कुणी चूल पेटवली नाही.

जिना नवा करता येईल.

२२ जानेवारी

कर्फ्यू थोडा वेळ उठला तशी यशोदा दादरहून चालत आली. पटांगणात मी तुळयांवर बसलो होतो. ती फाटकातच थांबली आणि तिथंच मातीत बसली. मला काही कळेना. जवळ गेलो तर रडत होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की लालबागला म्हाताऱ्या माणसांनाही गोळ्या लागल्यात. मी म्हटलं, काळजी करू नकोस, तुळया शाबूत आहेत, फक्त जिना गेला. तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, चला घरी. म्हणजे तात्याकडे.

५ फेब्रुवारी

शीवला जोतं तयार. काळा दगड, चुन्यात बसवलेला. चारी बाजूंनी फिरून आलो, वर चढून उभा राहिलो. इथं ओटी, इथं माजघर, इथं शैलाची बाळंतिणीची खोली, पूर्वेला खिडकी. खरंच सांगतो, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

वाईट बातमी किरकोळ आहे. चाळीतल्या शेळ्यांनी चिठ्ठ्या खाल्ल्या. खळीचा वास त्यांना आवडला. चार-दोन नंबर शिल्लक आहेत, तेही अर्धे. हरकत नाही. नंबर माझ्या डोक्यात आहेत.

१२ फेब्रुवारी

डोक्यातले नंबर आणि पटांगणातली लाकडं यांचा मेळ बसत नाही. खांब सगळे सारखे दिसतात. शामरावला म्हटलं, अंदाजानं जोडता येईल? होतला म्हणाला. मग त्याला दुसरीकडे दरवाज्यांचं काम लागलं, ते संपलं की येणार.

परळहून विहीणबाईंचा निरोप. सातवा संपून आठवा लागला, शैलाला माहेरी कधी नेताय? यशोदेला म्हटलं, कळव त्यांना की जोतं तयार आहे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, जोत्यावर बाळंतपण करू? तात्या आतून हसला. यशोदा हसली नाही.

२० फेब्रुवारी

आज फार वाईट दिवस. थोडक्यात लिहितो.

यशोदा गिरगावात देवीच्या दर्शनाला गेली होती. तिथं बकुळा भेटली. बकुळेनं तिला आग्रहानं घरी नेलं. मागच्या इमारतीत दोन खोल्या, नळ आत, खिडकीत तुळस. बकुळा म्हणाली, तुम्ही नको म्हणालात म्हणून आम्हाला मिळाल्या हो, तुमचे उपकार.

यशोदेनं घरी येऊन विचारलं, कधी म्हणाले होते ते? म्हटलं, नोव्हेंबरात. ती बोटांवर मोजत राहिली. मग म्हणाली, म्हणजे शैलाला पाचवा होता. मी सांगायला लागलो की दोन खोल्या आणि घर यात फरक आहे, माणसाचं नाव असतं, आजोबांची मेहनत असते. ती म्हणाली, मला घर नको होतं हो, लेकीला आणून निजवायला जागा हवी होती.

हे ती ओरडून म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी मुनिमाकडे गेलो. सहज. दुसरी एखादी खोली असेल का, म्हणून. त्यानं चहा पाजला. खोली नाही.

२ मार्च

विहीणबाईंनी कळवलं, आता पोरीला हलवणं बरं नाही, बाळंतपण इथंच करू. यशोदा आता रोज परळला जाते. सकाळी जाते, दिवसभर तिथं राबते, शैलाचं अंग चोळते, त्यांच्या स्वयंपाकाला हात लावते. पण तिथं जेवत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. संध्याकाळी चालत दादरला येते आणि तात्याकडे उरलेलं जेवते. मी म्हटलं, चालणं प्रकृतीला चांगलं. हे वाक्य मला नंतर आवडलं नाही.

काल तिनं पाय शेकायला घेतले तेव्हा टाचांच्या भेगा दिसल्या. मलम आणायचं ठरवलं आहे.

१० मार्च

मलम आणायचं राहिलं. लालबागच्या व्यापात होतो. पटांगणात माझ्या घराची विटंबना चालली आहे. तुळयांवर गोधड्या वाळत घालतात. पोरं त्यांवर बसून पत्ते कुटतात. कुणाला बोलून उपयोग नाही, उलट विचारतात, काका, हे कधी उचलणार?

उपाय सुचला. माणूस देवाला भितो. आज सकाळी सगळ्या तुळयांना नि खांबांना हळद-कुंकू लावलं. मुख्य तुळईला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, उदबत्ती. बाया गॅलरीतून बघत होत्या.

१४ मार्च

उपाय कमालीचा लागू पडला. गोधड्या गायब. पत्ते बंद. जाता-येता बाया हात जोडतात. चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी राजाराम स्वतः येऊन विचारून गेला, मानकरकाका, हे आपल्या इच्छेनं ना? म्हटलं, पूर्ण इच्छेनं, मनोभावे. त्यानं वाकून नमस्कार केला. गिरणगावातली माणसं श्रद्धाळू आहेत. आपण शिकलेल्या लोकांनी हे आधीच ओळखायला हवं होतं.

१९ मार्च

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी शीवला जोत्यावर पाणी मारत होतो, तात्याचा निरोप उशिरा मिळाला. परळच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती.

बाळाच्या डोक्यावर केस आहेत. मुठी आवळून झोपली होती. इतकी लहान असतात हे मी विसरलो होतो. शैलाला धीर द्यावा म्हणून शीवच्या खोलीचं सांगायला लागलो, पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन. तिनं डोळे मिटले. म्हणाली, बाबा, आई सकाळपासून उभी आहे, तिला कुठंतरी बसवा.

मी खुर्ची शोधून आणली तेव्हा वेळ संपल्याची घंटा झाली.

२४ मार्च

शामराव शिमग्याला गावी गेला. पालखी आल्यावर येतला म्हणाला. पंधरा दिवस. निघताना मला नमस्कार करून म्हणाला, आल्यावर एका झटक्यात उभा करू. निश्चय: या पंधरा दिवसांत नंबर नव्याने लावणे. या वेळी रंगाने. यशोदेचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे इथं नमूद करतो.

२७ मार्च, मंगळवार

सकाळी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन लालबागला गेलो.

पटांगण मोकळं होतं. मध्यभागी राख, मोठा ढीग, अजून धुगधुगत होता. मला वाटलं, चुकून दुसऱ्या चाळीत आलो.

राजाराम आणि मंडळी रंगलेल्या तोंडांनी धावत आली. मला गुलाल लावला. म्हणाली, काका, अशी होळी लालबागात कधी झाली नव्हती, रात्री गल्लीगल्लीतून लोक बघायला आले. तुमची तुळई मधोमध उभी केली होती, वाजतगाजत. यंदा जानेवारीत गेलेल्यांची नावं घेऊन पेटवली. तुमचं नाव सगळ्यांसमोर घेतलं, टाळ्या पडल्या. आणि प्रसादाचा अर्धा नारळ तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलाय.

फाल्गुनात चाळीच्या पटांगणात हळद-कुंकू लावून, हार घालून, नारळ ठेवून लाकडं पुजली तर ती होळीला वाहिली, दुसरं काय? कुणीही हेच समजेल. मीही हेच समजलो असतो. मला त्यांना रागवता आलं नाही. जो पोरगा जानेवारीत गेला त्याची आई समोरच्या चाळीच्या गॅलरीत उभी होती, तिनं मला हात जोडले.

कठड्याचा एक तुकडा आणि दोन वासे शिल्लक आहेत. कौलं कधीच नळावरच्या शेडवर गेली आहेत.

नारळ घेऊन दादरला आलो. यशोदा परळला निघत होती. सांगितलं. तिनं विचारलं, सगळं? म्हटलं, सगळं. ती बोलेल म्हणून मी उभा राहिलो. तिनं माझ्या बाहीवरची राख झटकली, दोन्ही बाह्यांची, आणि म्हणाली, जेवून घ्या. आणि गेली. मी गॅलरीत बसून रडलो. तिच्या त्या झटकण्यानं रडलो, घराचं मला नंतर आठवलं. इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे सांगणार कुणाला.

२९ मार्च

विचार केला. लाकूड ही मुळातच जुनी कल्पना. आता काळ आर.सी.सी.चा आहे. जळत नाही, शेळ्या खात नाहीत. जोतं तर तयारच आहे. रघुवीरला आज तसं बोललो. तो म्हणाला, अरे, माझा भाऊ विचारत होता, त्या प्लॉटवर दगड कुणी रचलेत. बघू म्हणाला.

३० मार्च, शुक्रवार

परळला बारसं. विहीणबाईंनी सगळं नीट केलं होतं. पाळण्याला झेंडू, घुगऱ्या, बायकांची गर्दी. मला पुरुषांत खुर्ची मिळाली. शेजारच्या गृहस्थांना आर.सी.सी. समजावून सांगितलं. ते ऐकत होते असं वाटतं.

बाळाचं नाव आत्यानं कानात सांगितलं, मला ऐकू आलं नाही. नंतर विचारायचं राहिलं.

यशोदा पेढे वाटत आली. मलाही एक दिला, पाहुण्यांना देतात तसा. आज ती पहिल्यांदा त्या घरात जेवली. पंगतीत बसलेली मला दिसली. सावकाश जेवत होती. कित्येक महिन्यांत तिला बसून जेवताना मी पाहिलं नव्हतं.

निघताना जावई वीरेंद्र जिन्यापर्यंत आले. चांगला मुलगा आहे, कधी शब्द वाकडा नाही. म्हणाले, सव्वा महिना झाला की रीतीप्रमाणे शैला आणि बाळ माहेरी येतील. मी स्वतः आणून सोडतो. पत्ता तेवढा द्या.

मागे दारात शैला बाळाला घेऊन उभी होती. तिच्यामागे यशोदा. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

म्हटलं, कळवतो.

खाली येऊन बस-स्टॉपवर उभा राहिलो. शीवकडची बस आली, ती सोडली. गिरगावकडची आली, तीही सोडली. कंडक्टरनं विचारलं, आजोबा, जायचंय कुठं?